जाधवदादांच्या कपाटावरचा पिवळा ठिपका

साल एकोणीसशे सत्त्याहत्तर. मी एकोणीस वर्षांचा होतो, पासपोर्टात एकवीस. मधली दोन वर्षं मामूंनी वाढवली होती, कारण एवढ्या लहान पोराला कंपनी घेत नव्हती. आणि मी इतका शहाणा, की ती दोन वर्षं मला खरोखरच आली असं समजून बहरैनभर छाती काढून फिरत होतो. शाळा चौथीपर्यंत. चौथीत पास झालो की नाही हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण अनाडी म्हणवून घ्यायची तयारी तेव्हा नव्हती, आजही नाही. हे प्रकरण मी, मागाहून शिकलेल्या अक्षरांत, माझ्या हाताने लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ ज्याला खटकेल त्याने आपल्या घरी दुरुस्त करून घ्यावं.

मीना सलमान बंदराच्या अंगाला कंपनीच्या पत्र्याच्या चाळी होत्या. सातव्या खोलीत आम्ही तिघं. एक माझे शब्बीरमामू, आईचे धाकटे भाऊ, ज्यांनी मला आणलं. दुसरे जाधवदादा, वेल्डर. तिसरा मी, बोटीच्या बुडाचा गंज ठोकून काढायचा आणि वर रंग मारायचा, या कामावर. जाधवदादांचं गाव आमच्या गावासमोर, खाडीच्या पल्याड. ओहोटीला आमच्याकडून हाक मारली तर त्यांच्याकडे ऐकू जाईल एवढंच अंतर. ते बौद्ध, आम्ही कोकणी मुसलमान; पण परमुलखात खाडीच काय, समुद्रसुद्धा आटतो. मामूंना ते शब्बीरभाई म्हणत आणि मला भाचा. माझ्या आईची पत्रं तेच वाचून दाखवत. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला वाचता येतं, फक्त वेल्डिंगच्या उजेडाने डोळे गेलेत. वेल्डिंग ते करायचे आणि डोळे माझे जायचे! दादांनी या गोष्टीवर एकदाही हसून दाखवलं नाही. पत्र घ्यायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि आईच्या आवाजात नाही, पण आईच्या वेगाने वाचायचे.

जेवण दादांच्या हातचं. मामू मासळी आणायचे, बहुतेक साफी, कधी शेरी, आणि मी तांदूळ निवडायचा. सुट्टीवरून येणारा प्रत्येक माणूस सोडे, जवळा, सुके बोंबील कपड्यांत गुंडाळून आणायचा, त्यामुळे आमच्या कपड्यांना बारा महिने बंदराचा वास. स्टोव्ह पेटला की आधी तो खोकायचा, मग फुरफुरायचा, मग एका सुरात लागायचा. तो सूर लागला की दादा त्यावर कालवण ठेवायचे आणि मामू रेडिओ लावायचे. रेडिओवर कुठलं स्टेशन लागेल ते वाऱ्यावर. कधी अरबी, कधी इराणी, एकदा तर अर्धा तास कोणीतरी रशियन माणूस रागावून बोलत होता आणि आम्ही भात कालवत माना डोलावत होतो. पुढे मी पुष्कळ मोठमोठ्या ठिकाणी जेवलो, मुलगा मला बहरैनच्याच सीफ भागातल्या मॉलमधे नेऊन काय काय खाऊ घालतो. पण कोकमाचं सार पितळी वाटीतून ओठाला लागतं तेव्हा जे होतं, ते त्या काचेच्या पेल्यांत नाही.

त्या चाळींत दीडदोनशे माणूस होता आणि सगळ्या दुनियेचा होता. पेशावरचे पठाण, पंजाबी, बलुची, मल्याळी, गोव्याचे, थायलंडचे. स्वयंपाकाची पडवी मात्र एकच. एका चुलीवर गाय, दुसरीवर डुक्कर, तिसरीवर शुद्ध शाकाहारी माणूस नाक दाबून उभा. रोज भांडण. शेवटी एका पठाणाने एका थायलंडवाल्याचं पातेलं ढवळणीसकट वाळूत भिरकावलं आणि कॅम्पच्या गोऱ्या साहेबाने हुकूम काढला: चार वेगळी स्वयंपाकघरं. मुसलमानांचं एक, हिंदूंचं एक, ख्रिश्चनांचं एक, बुद्धिस्टांचं एक. कोण कुठे जेवणार याची यादी कुरियनने करायची. कुरियन हा मल्याळी टाइमकीपर. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानावर पेन्सिल, आणि दोन माणसांचं काम एकट्याच्या डोक्यावर. तो पडवीत येऊन कपाळाला हात लावून बसला आणि बोलला, "दो सौ आदमी! कौन क्या है, मेरे को क्या मालूम?"

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण मला एक खोड होती. मी सगळ्यांना सांगत असे की पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला की मी माणसाचा मुलूख, धर्म आणि त्याची बायको रागीट आहे की गरीब, हे सगळं सांगतो. दोनचार वेळा ते बरोबर आलं होतं. मी पुढे झालो. "मेरे को सब मालूम है."

कुरियनने चष्म्यावरून पाहिलं. "लिखना आता?"

"लिखने का क्या काम? मैं पेंटर है."

आणि मी माझी अक्कल मांडली. प्रत्येक खाटेशेजारी पत्र्याचं कपाट होतं. त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा: मुसलमान हिरवा, हिंदू लाल, ख्रिश्चन पांढरा, बुद्धिस्ट पिवळा. कुरियनने नुसतं फिरून ठिपके मोजायचे. बोटीवर पाइप ओळखायला हेच करतात; पाण्याचा पाइप एका रंगाचा, तेलाचा दुसऱ्या. माणूस काय पाइपापेक्षा अवघड आहे काय? कुरियनने माझा हात हातात घेऊन हलवला. मला तो दिवस अजून आठवतो, कारण त्याआधी कोणी माझ्याशी शेकहँड केला नव्हता.

मामूंना सांगितलं तर ते बोलले, "इब्या, ज्या कामात तुला कोणी बोलावला नाय, त्यात पयला तूच कसा रे पोचतोस?"

शुक्रवारी सकाळी मी चार डबे आणि चार ब्रश घेऊन निघालो. ठिपका म्हणून सांगितलं होतं, पण मला ठिपका बारीक वाटला. मी प्रत्येक कपाटावर भाकरीएवढा गोळा काढला, कडा अशा साफ की जणू ताट ठेवून आखलाय. विचारलं कोणालाही नाही. विचारलं तर आपली विद्या ती काय राहिली? मल्याळी कोयाच्या कपाटावर लाल मारला, कारण तो लुंगी नेसायचा आणि सगळ्यात नारळ घालायचा. तो हाजीचा मुलगा निघाला, माझ्यामागे चप्पल घेऊन धावला. एका सरदारजीसाठी रंगच ठरला नव्हता, तर मी अर्धा लाल अर्धा पांढरा केला. सरदारजी बराच वेळ कपाटाकडे बघत राहिला आणि बोलला, "ओये, ये मेरी अलमारी है कि किसी मुल्क का झंडा?" मी त्याला सांगितलं की सुकल्यावर बरं दिसेल.

आमच्या खोलीत आलो तेव्हा मामू पाठ करून झोपलेले. दादा ड्यूटीवर, एक बोट त्या दिवशी सोडायची होती. मामूंना हिरवा. मला हिरवा. मग दादांचं कपाट. खरं सांगतो, मी तिथे क्षणभर थांबलो. हिरवा मारला असता तर दादा आमच्यात जेवले असते, कोण विचारणार होतं? पण दादा बौद्ध आहेत, हे ते स्वतः अभिमानाने सांगायचे. त्यांच्या पेटीत बाबासाहेबांचा फोटो होता, वहीच्या कव्हरात जपून ठेवलेला. मी म्हटलं, दादांना बरं वाटेल, इब्राहिमने आपला मान राखला. आणि पिवळा गोळा त्या दोनशेत सगळ्यात सुबक काढला. बाकी सगळे पिवळे गोळे थायलंडवाल्यांचे आहेत, म्हणजे आपले दादा आता थायलंडवाल्यांत जेवणार, हे माझ्या टाळक्यात ब्रश धुताना शिरलं. तोवर रंग सुकला होता.

माझी एक नात अमेरिकेत शिकते, कुठल्याशा मधल्या शहरात, ना धड मोठं ना लहान. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्लिशमधे देते. परवा फोनवर तिने मला त्या शहराची शिरगणती वाचून दाखवली: गोरे किती, काळे किती, मेक्सिकोकडचे किती, तिथले मूळचे किती, एशियन किती. मी विचारलं, "तू कुठल्या खान्यात गं?" ती बोलली, "एशियन, नाना." मी विचारलं, त्यात अजून कोण? तर चिनी, कोरियन, फिलिपिनो, थायलंडवाले आणि आपण, सगळे एका खान्यात. मी इतका हसलो की सून पाणी घेऊन धावली. मी म्हटलं, "अगं, हे मी शिक्षणाशिवाय केलं होतं, चार ब्रशांत!" ती बोलली, "बट नाना, हिअर दे आस्क यू. यू टिक इट युअरसेल्फ." म्हणजे तिथे माणसालाच विचारतात आणि माणूस आपली खूण आपण करतो. माझं हसणं तिथेच थांबलं. तिला वाटलं फोन कटला.

दादा संध्याकाळी आले. हातातला डबा खाली न ठेवता कपाटासमोर उभे राहिले. मामू नमाजाला गेले होते. स्टोव्ह पेटवला नव्हता.

"भाच्या, हे काय आहे?"

मी सांगितलं, स्वयंपाकघरांची यादी.

"कोणी ठरवलं?"

हाताला रंग तर माझ्या बारा महिने असायचा, त्याची साक्ष कोण काढणार? मी दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ज्या पोराने दोनशे कपाटं धिटाईने रंगवली होती त्याने दोष दुसऱ्यावर ढकलला. "मी हिरवाच लावत होतो, दादा. कुरियन आला. त्याने माझा हात धरून पिवळा लावायला लावला."

दादांनी डबा ठेवला. "मी बौद्ध आहे, ते खरंच आहे. पण विचारायला कोण आलं होतं? माणूस जिवंत आहे ना, त्याला तोंड आहे ना?" मग त्यांनी अंगठ्याने तो गोळा घासून पाहिला. पक्का बसला होता. कामात मी कधी कसूर केली नाही.

शनिवारपासून चार चुली पेटल्या. आमच्या हिरव्या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी पठाण. दोन्ही वेळा तंदूरच्या रोट्या, इकडून तिकडे ओढल्या तर बोटीचा दोर म्हणून चालतील अशा, आणि डाळीत गोश्त. मासळी नाही, भात नाही. तीन दिवसांत माझं पोट दगड झालं. मामू रोटी चावताना माझ्याकडे बघायचे. त्यांचे दोन दात आधीच हलत होते. दादा पिवळ्या स्वयंपाकघरात जेवून यायचे आणि खाटेवर पडायचे. रेडिओ कोणी लावला नाही. मंगळवारी आईचं पत्र आलं. मी ते दादांच्या उशाजवळ ठेवलं. बुधवारी ते तिथेच होतं.

बुधवारी दुपारी ठिणगी पडली. दादा कुरियनच्या टेबलाशी गेले आणि विचारलं, माझी खूण तू कोणाला विचारून केलीस? कुरियन कामात बुडालेला. बोलला, मैं आपके रूम में आया ही नहीं, वो लड़के ने किया. दादा बोलले, "वो मेरा भांजा है. वो झूठ नहीं बोलेगा." कुरियनने हात जोडले आणि आपल्या मते मोठी मेहेरबानी केली: "ठीक है बाबा, तुम हिंदू बोलो, मैं लाल करता. खलास."

बस्स. दादांनी रजिस्टर उचललं आणि खिडकीबाहेर फेकलं. कुरियनचा चष्मा त्याच्याबरोबर गेला. जे हिंदूपण त्यांच्या लोकांनी बाबासाहेबांबरोबर लाखोंनी एकत्र उभं राहून टाकून दिलं, ते एका ताटासाठी परत उचला, असं तो सांगत होता. आणि बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं की आपण काय सांगतोय. साहेबाने हुकूम दिला, उद्या सकाळी दोघांनी ऑफिसात यायचं. सगळ्या चाळींत एकच बोलणं: वेल्डरचा व्हिसा कॅन्सल, येत्या विमानाने मुलूख. दादांच्या घरी तीन मुलं होती आणि धाकटीच्या पायाचं ऑपरेशन व्हायचं होतं.

मगरिबच्या नमाजानंतर मामू माझ्या खाटेवर येऊन बसले. हळू बोलले, "इब्या, शुक्रवारी मी झोपलो होतो ना?"

"हो, मामू."

"डोळे मिटले होते. कान मिटता येत नाय माणसाला. कुरियन काय खोलीत आला नव्हता."

मी हातावरचा वाळलेला रंग खरवडायला लागलो.

"मी पाच दिवस वाट बघितली, आज बोलेल, उद्या बोलेल. तुझी दोन वर्षं मी कागदावर वाढवली, रे. बाकीची तुझी तुला वाढवायची होती." आणि ते उठून बाहेर गेले.

मी पिवळ्या स्वयंपाकघरात गेलो. दारातच मला वास आला आणि मी थबकलो. आपला वास! सोम नावाचा त्यांचा आचारी दगडी खलात सुकी कोळंबी आणि मिरची कुटत होता, धप धप धप, थेट माझी आई पाट्याजवळ बसलीय असं. शेजारी भाताचं पातेलं, वाफ येत असलेलं. म्हणजे मी दादांना जिथे ढकललं होतं तिथे दोन्ही वेळा भात-मासळी होती, आणि स्वतःला जिथे मानाने बसवलं होतं तिथे दोर. दादा कोपऱ्यात बाकावर जेवत होते. सोमने मला बघून ताट पुढे केलं. मी पातेल्यांकडे बोट दाखवून डुकरासारखा आवाज काढला, कारण दुसरी भाषा आमच्यात नव्हती. सगळं स्वयंपाकघर खदखदून हसलं. सोमने एका पातेल्यावर झाकण ठेवून ते दूर सरकवलं, दुसऱ्यातून मासा दाखवला, शेपटी हलवून दाखवली, आणि वाढलं. मी कबुली द्यायला गेलो होतो. आधी दोन ताटं जेवलो. अशी माझी लाज.

मग घास तोंडात असतानाच बोललो. "दादा, कुरियन आला नव्हता. पिवळा मीच मारला. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

दादांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग बोलले, "मी पहिलीत होतो. माझ्या पाटीच्या चौकटीला मास्तरांनी चाकूने खाच पाडली होती. दुसऱ्या पोराने चुकून माझी पाटी उचलू नये म्हणून. त्यांनाही वाटलं असेल, सोयीचं आहे."

"दादा..."

"तू मास्तर नाहीस, म्हणून तुझ्याशी बोलतोय." ते पाणी प्यायले. "मी त्या माणसाला खोटारडा ठरवला. तुझ्या शब्दावर. त्याचा चष्मा फुटला. आता मला सांग, मी उद्या साहेबाला काय सांगू? माझा भाचा भित्रा आहे, हे इंग्लिशमधे कसं म्हणतात?"

ते मलाही येत नव्हतं. मी विचारलं, आज लाल-हिरवं काही बदलून देऊ का, थिनर आहे माझ्याकडे. ते माझ्यावर पहिल्यांदाच रागाने उठले. "हात लावायचा नाही! तो पिवळा आता माझा आहे. मी सांगितला, मी ठेवला. तुझं काम तेवढं कर." आणि ताट धुवायला गेले.

दादा त्यानंतर बरीच वर्षं बहरैनमधे राहिले आणि जेवले त्या पिवळ्यातच. शेवटी शेवटी सोमला कोकमाचं सार करता यायचं. पण ती सगळी पुढची गोष्ट. त्या रात्री मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी खाटेवर बसून एकच हिंदी वाक्य घोकत होतो आणि ते दर वेळी वेगळं होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची बस सुटायच्या आधी मी साहेबाच्या ऑफिसात गेलो. आत दादा उभे, कपडे इस्त्रीचे, हातात पासपोर्ट. कुरियन उभा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. साहेब टेबलामागे. मी न विचारता आत शिरलो, ते एक मला चांगलं जमायचं, आणि बोललो, "साब, कलर मैंने किया. झूठ भी मैंने बोला. ये दोनों का कुछ नहीं."

साहेबाला हिंदी येत नव्हती. त्याने कुरियनकडे पाहिलं. म्हणजे ज्याच्यावर मी खोटा आळ घेतला, त्यानेच माझी कबुली इंग्लिशमधे न्यायची होती. कुरियनने माझ्याकडे पाहिलं, त्या एका काचेतून, निवांत. मग घसा साफ केला आणि सुरुवात केली. माझी तीन छोटी वाक्यं होती. तो चांगली पाच मिनिटं बोलला. मधे एकदा साहेबाचे डोळे मोठे झाले, एकदा त्याने तोंडावर हात धरला, एकदा दादांनी खाली बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. काय काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही आणि कुरियनने मरेपर्यंत सांगितलं नाही. साहेबाने दादांना पासपोर्ट खिशात घालायची खूण केली, दाराकडे हात दाखवला आणि मग माझ्याकडे वळून एकेक गोष्ट विचारू लागला. मी छाती काढली, आणि एक शब्दही न समजता, प्रत्येक प्रश्नाला ठणठणीत आवाजात म्हणालो, "येस सर."